फ्लोरिन उठत नाही

"मॅडम, कार्बनला मिशी ठेवू का?" गफूरभाईंनी माउस थांबवून विचारलं.

"नको."

"मग बाई करू?"

"गफूरभाई, कार्बन बाईही नाही आणि बुवाही नाही. काळा गोळा आहे तो. त्याला चार हात आहेत, बस."

"चार हात?" त्यांनी माउसवरचा हात अदबीनं उचलला. "मग मिशी नकोच. उगं कुणाच्या भावना दुखावायच्या."

ही दोन हजार तेरा सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि एप्रिल सरला की नमस्कार. एक कायम जागा निघणार होती. तिच्यावर माझा डोळा होता. पण माझ्या विषयाचा निकाल असा लागायचा की तो नोटीस बोर्डावर लावताना आमचे शिपाई दत्तूमामासुद्धा माझ्याकडे बघायचं टाळायचे.

दुखणं होतं बाणांचं. सेंद्रिय रसायनात एका रेणूचं दुसऱ्या रेणूशी काय झालं, कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाचा हात सोडला, हे वाकड्या बाणांनी दाखवतात. इलेक्ट्रॉन जिथून निघतात तिथे बाणाचं शेपूट, जिथे जातात तिथे टोक. एवढंच. पण माझ्या वर्गाला बाण म्हणजे नक्षी वाटायची. एकानं पेपरात रेणूभोवती बाणांचं तोरण बांधलं होतं. दुसऱ्यानं बाण न काढता नुसतंच लिहिलं होतं, 'इथे मॅडमनी काढलेला बाण समजावा.' अडुसष्टपैकी एकोणीस पास झाले होते.

नापासांत गफूरभाई मणेरांची नसीम होती. एसटी स्टँडसमोरचं 'न्यू स्टार फ्लेक्स' हे गफूरभाईंचं दुकान. गावातला कुठलाही वाढदिवस, निवड, निधन किंवा दहावीचा निकाल त्यांच्या हातून गेल्याशिवाय पुरा होत नसे. ते एक दिवस लेकीचा पेपर घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले.

"मॅडम, पोरगी पाठ करती आणि परीक्षेत बाण उलटा काढती. ते हलवून दाखवता येत नाही का?"

"हलवून म्हणजे?"

"केबलवर मी सरस्वती साडी सेंटरची जाहिरात केली, बघितली असंल. साडी उडत येती आन् बाईच्या अंगावर आपोआप नेसली जाती. आवं, माझ्याकडं नऊवार साडी उडती, तुमचा एवढासा इलेक्ट्रॉन उडणार नाही?"

उडायला हरकत नव्हती.

असे आम्ही दोघं कामाला लागलो. कॉलेज सुटलं की मी दुकानात जायची, आणि एकीकडे 'भावी नगरसेवक' छापून होत असताना दुसरीकडे आम्ही दोन-दोन मिनिटांच्या फिल्मा करायचो. गफूरभाईंचं शिक्षण नववीपर्यंत, पण शंका अशा काढायचे की माझ्या अख्ख्या वर्गानं वर्षभरात काढल्या नव्हत्या.

"हा जो नवीन येतोय तो मागनंच का येतो? समोरनं यायला काय झालं?"

"समोर ब्रोमिन बसलाय ना."

"बरोबर हाय. पुढच्या दारात म्हातारा खाट टाकून बसला की माणूस परसातनंच येणार. आणि हा मागनं आल्यावर बाकीचे तीन हात?"

"ते उलटे होतात. वाऱ्यात छत्री उलटी होते तसे."

ही छत्री त्यांनी अशी केली की मला स्वतःला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कार्बन उलटताना दिसला. मी दुकानातच टाळ्या वाजवल्या. फ्लेक्स न्यायला आलेले भावी नगरसेवक दचकून वळून बघायला लागले.

आता वर्गात दाखवायला प्रोजेक्टर हवा होता आणि प्रोजेक्टर प्राचार्यांच्या केबिनमध्ये कुलपात होता. प्राचार्य म्हणजे मुळीक सर. उंच, धिप्पाड, भुवया अशा की पावसात डोळे भिजू नयेत. निवृत्तीचं वय उलटून दोन वर्षं झाली होती. दोनदा मुदतवाढ मिळाली होती आणि तिसरीचा अर्ज संस्थेकडे गेला होता. सकाळी साडेसातला येत, शिपाई गेले तरी बसून राहत, रविवारीसुद्धा केबिन उघडून बसत. खुर्चीच्या पाठीवर लाल काठाचा पांढरा टॉवेल. कुठलाही अर्ज नेला की ते तो वाचत, घडी घालत आणि म्हणत, "बघूऽ, पुढच्या सोमवारी."

मला प्रोजेक्टर सातव्या सोमवारी मिळाला.

तोवर पुढची फिल्म करायला घेतली होती. त्यात मला एक साधी गोष्ट दाखवायची होती. नवा अणू आला की जुन्यानं जागा सोडायची असते. त्या जुन्याला म्हणतात लीव्हिंग ग्रुप, जाणारा गट. काही जाणारे चांगले असतात, काही वाईट. आयोडीन झटकन जातो. फ्लोरिन जाता जात नाही.

"जात नाही म्हणजे कसा?" गफूरभाईंनी विचारलं. "चेहरा काढायला मला माणूस कळाया पाहिजे."

"अहो, सोपं आहे. जायची वेळ झालीय, सगळ्यांना माहीत आहे जायला हवं, नवा दारात उभा आहे. पण हा आपला बसलाय तो बसलाय. उठतच नाही."

गफूरभाई माझ्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

"समजलं, मॅडम," ते हळूच म्हणाले. "काळजी करू नका. आपल्या दोघांतच राहील."

मला वाटलं, बाहेरची धूळ येत असेल.

चार दिवसांनी त्यांनी फिल्म दाखवली. मी ती तीनदा बघितली. डोळ्यांत तेल घालून बघितली, पण बाण बघितले! शेपूट इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतंय की नाही, टोक कार्बनवर लागतंय की नाही. पंख्याच्या घरघरीत आवाज नीट ऐकू येत नव्हता, पण आवाजाचं काय एवढं? बाण अचूक होते.

"एक नंबर," मी म्हणाले.

"तुमचं काळीज वाघाचं हाय, मॅडम," गफूरभाई म्हणाले. मला वाटलं, कौतुक करतायत.

मंगळवारी दुसऱ्या तासाला मी फिल्म लावली. आयोडीन टोपी उचलून निघून गेला. वर्ग गप्प. मग फ्लोरिन आला, आणि अडुसष्ट मुलं एका आवाजात ओरडली. बाकं वाजली. मागच्या रांगेतला एक मुलगा बाकाखाली गेला तो वर येईना.

"मॅडम, पुन्हा!"

माझे डोळे भरून आले. शपथेवर सांगते, माझ्या वर्गात 'पुन्हा' हा शब्द याआधी कधी उच्चारला गेला नव्हता. मी पुन्हा लावली. मग आणखी दोनदा. पुढच्या तासाला दारात कॉमर्सची मुलं उभी होती. त्यांनाही दाखवली. विषयाची गोडी अशीच लागते, मी मनात म्हटलं. दुपारपर्यंत ती फिल्म ब्लूटूथवरून आर्ट्सला पोचली होती, आणि मधल्या सुटीत कँटीनवाला मला म्हणाला, "मॅडम, चहाचे पैसे नकोत."

स्टाफरूममध्ये फिजिक्सचे काशीद सर जवळ येऊन कुजबुजले, "बिडवे मॅडम, आम्ही पंचवीस वर्षांत जे बोलू शकलो नाही ते तुम्ही करून दाखवलंत."

"अहो, मनापासून केलं की जमतं," मी म्हणाले.

"पण सोमवारी तुमचा इंटरव्ह्यू आहे ना? तरीही?"

"त्यासाठीच तर केलं."

काशीद सर दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी मला नमस्कार केला.

शेवटी डोळे उघडले ते दत्तूमामांनी. प्रोजेक्टर परत न्यायला आले होते. म्हणाले, "मॅडम, बाकी कायबी म्हणा, सायबांचा टॉवेल हुबेहूब आलाय."

"कुठला टॉवेल?"

"त्या फिल्ममधला. लाल काठाचा."

मी लॅपटॉप उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाण सोडून फ्लोरिनकडे पाहिलं. फ्लोरिन खुर्चीत बसला होता. खुर्चीवर टॉवेल. चष्मा. आणि त्या भुवया. कार्बन हात जोडून म्हणत होता, 'साहेब, आता उठा.' आणि फ्लोरिन गफूरभाईंच्या आवाजात म्हणत होता, "बघूऽ, पुढच्या सोमवारी."

मी खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे बसले.

"सायबांनी तुम्हाला बोलावलंय," दत्तूमामा म्हणाले. "लॅपटॉप घेऊन."

केबिनमध्ये मुळीक सर टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले होते. म्हणाले, "लावा." मी लावली. ते एकही भुवई न हलवता बघत राहिले. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा." सकाळी ज्या शब्दानं डोळे भरले होते त्याच शब्दावर आता मी आवाज बारीक करून फिल्म लावली.

"हा कोण?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"फ्लोरिन, सर."

"हा का उठत नाही?"

"सर, त्याचा कार्बनशी बंध फार घट्ट असतो. फार जीव असतो, सर."

"म्हणजे चांगलाच आहे की."

"चांगलाच आहे, सर! टूथपेस्टमध्येसुद्धा असतो." हे मी का बोलले ते मला आजही माहीत नाही.

"आणि तो पहिला गेला तो?"

"आयोडीन. तो जातो, कारण बाहेर पडल्यावर त्याला एकट्याला राहता येतं. ज्याला बाहेर एकटं राहता येतं, तो चांगला जाणारा."

"हे तुम्ही रचलंत?"

"नाही, सर. पुस्तकात आहे. कुठल्याही पुस्तकात."

सर खिडकीतून बाहेर बघू लागले. ग्राउंडवर कबड्डीची पोरं रेषा मारत होती, ती सगळी मारून होईपर्यंत सरांनी मान वळवली नाही. मी मनातल्या मनात इंटरव्ह्यूचा अर्ज फाडला. माहेरी काय सांगायचं ते ठरवलं.

"आवाज कुणाचा आहे?" त्यांनी अचानक विचारलं.

"न्यू स्टार फ्लेक्सच्या गफूरभाईंचा."

"भिकार आहे. 'बघू' म्हणताना मी 'घू' लांबवतो, पण शेवटी आवाज खाली आणतो. यानं वर नेलाय. वर नेला की आशा लागते. बघूऽऽ," सरांनी म्हणून दाखवलं, आणि खरोखर आशेचा मागमूस राहिला नाही. "गावच्या जत्रेत मी आठ वर्षं नाटकात काम केलंय, बिडवेबाई. माझा आवाज काढायचा तर मी काढेन. शुक्रवारी येतो म्हणावं त्याला."

हा निरोप द्यायला गेले तेव्हा गफूरभाई कुलूप लावून सासुरवाडीला निघाले होते. काशीद सरांनी त्यांना फोनवर भलतंच काही सांगून ठेवलं होतं. गफूरभाईंच्या हातातली पिशवी मी काढून घेतली.

"सायेब स्वतः येणार? मारायला?"

"आवाज द्यायला."

"म्हणजे आधी आवाज देऊन मग?"

शुक्रवारी चार वाजता मुळीक सर आले. बरोबर दत्तूमामा, हातात केबिनमधला टॉवेल. "प्रसंगात शिरायला लागतो," सर म्हणाले. गफूरभाई ईदचा शर्ट घालून उभे होते, काय व्हायचं ते चांगल्या कपड्यांत व्हावं म्हणून. आवाज नको म्हणून पंखा बंद केला, शटर ओढलं. एप्रिलचा महिना. पाच मिनिटांत आम्ही चौघं घामानं निथळायला लागलो. सरांनी मात्र टॉवेलला हात लावला नाही. तो पाठीमागेच राहिला पाहिजे, म्हणाले.

"फ्लोरिन," गफूरभाईंनी माइक पुढे केला. "बोला, सायेब."

सरांनी माइक बाजूला सारला. "असं नाही. आधी मला सांगा, मी का बसलोय?"

"बंध घट्ट आहे, सर," मी म्हणाले.

"ते झालं केमिस्ट्रीचं. याला आतून काय वाटतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अणूला आतून काय वाटतं हे अभ्यासक्रमात नव्हतं. गफूरभाईच म्हणाले, "तुम्हीच सांगा, सायेब."

सरांनी पाठ टॉवेलला टेकली. चष्म्यावरून घाम ओघळत होता. मग बोलले ते बसलेल्या जागेकडे बघतच.

"त्याला वाटत असेल, उठलो तर जायचं कुठं? तीन वर्षं झाली मंडळी जाऊन. मुलगा तिकडं कॅनडात. घरी घड्याळ सोडलं तर कुणी बोलत नाही, आणि घड्याळ काही नवीन बोलत नाही. इथं पोरं भीतीनं का होईना, गुड मॉर्निंग म्हणतात. अर्ज आज निकालात काढला तर माणूस उद्या परत येत नाही. पुढच्या सोमवारी बोलावलं, तर येतो."

दत्तूमामा भिंतीवरच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या नमुन्याकडे बघत होते. सातही सोमवारी मी त्या दारात उभी राहून मनात जे जे म्हटलं होतं ते मला आठवलं, आणि लाज वाटली.

"सायेब," गफूरभाई खाकरले, "हे सगळं रेकॉर्ड झालंय. ठेवू का काढू?"

"काढ, गाढवा!" सर ओरडले आणि मग स्वतःच इतके हसले की तेही रेकॉर्ड झालं.

हसू ओसरल्यावर ते माझ्याकडे वळले. "बिडवेबाई, हा कधीच उठत नाही? कुठंच नाही?"

"उठतो, सर." मला एकदम आठवलं. "एका अभिक्रियेत तर फ्लोरिनच सगळ्यांत आधी सुटतो. आयोडीनच्याही आधी. तिथे तो कार्बनच्या गोल कड्याला जोडलेला असतो आणि त्याच कड्यावर दोन नायट्रो गट असतात. ते येणारा भार वाटून घेतात. आणि सर, तिथे क्रम वेगळा. आधी नवा येऊन बसतो, मग जुना निघतो. जागा रिकामी राहतच नाही."

"भार वाटून घेणारे दोन," सर पुटपुटले. त्यांनी एकदा गफूरभाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग ती फिल्म करा. सोमवारच्या आत."

सोमवारी इंटरव्ह्यूला टेबलापलीकडे तिघं होते. मुळीक सर, संस्थेचे सचिव अण्णासाहेब घोलप आणि विद्यापीठातून आलेल्या डॉ. सबनीस बाई. सबनीस बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शिकवण्यात नवीन काय केलंत?" आणि मी मुळीक सरांकडे बघितलं.

"फिल्म लावा," मुळीक सर म्हणाले.

पडद्यावर कडं आलं. दोन नायट्रो गट आले. त्यांतल्या एकाच्या अंगावर ईदचा शर्ट होता आणि दुसऱ्याची वेणी माझ्यासारखी होती. ते बघायचं मी या वेळीही विसरले होते. मग नवा अणू बिचकत बिचकत आला. टॉवेलच्या खुर्चीतला फ्लोरिन सरांच्या भरदार आवाजात म्हणाला, "या, बसा. लाजू नका, जागा होईल." नवा बसला. फ्लोरिन उठला, टॉवेल झटकला आणि म्हणाला, "आम्ही निघतो. जाताना दार लावू की उघडं ठेवू?"

हे शेवटचं वाक्य आम्ही लिहिलेलं नव्हतं.

सबनीस बाई म्हणाल्या, "क्रम अगदी बरोबर दाखवलाय. एमएस्सीची मुलंही इथे चुकतात." पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अण्णासाहेब डोळे पुसत होते, हसून की कशानं ते कळेना.

"मुळीक सर, हे कुणाला उद्देशून म्हणायचं?"

"मला," सर म्हणाले. "मुदतवाढीचा अर्ज मी परत घेतोय. या महिनाअखेरीस निघतो."

अण्णासाहेब दोन वर्षं ज्या वाक्याची वाट बघत होते ते असं फुकट मिळाल्यामुळे गडबडून गेले. "असं कसं, सर? राहा की अजून थोडं," असा त्यांनी रीतीप्रमाणे तीनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा जरा हळू आवाजात. सर काही ऐकेनात तेव्हा त्यांनी चटकन पाणी पिऊन घेतलं.

माझ्या नेमणुकीचं पत्र जूनमध्ये आलं. त्या आधी तीस एप्रिलला निरोपसमारंभ झाला. मुलांनी सरांना खांद्यावर घेतलं. सर धिप्पाड असल्यामुळे लगेच खाली ठेवलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि दत्तूमामांच्या सायकलीबरोबर चालत घरी गेले. त्यांच्याकडे बघून माझ्या जिवाला काही चैन पडेना. फिल्ममध्ये उठणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशीची सकाळ कुणी काढून दाखवत नाही.

दोन मेला सकाळी बरोबर दहा वाजता माझा फोन वाजला.

"मॅडम, मी गफूर," आवाज दबका होता. "सायेब दुकानात येऊन बसलेत. इस्त्रीचे कपडे घालून. शटर उघडायच्या आधीपासनं पायरीवर होते. विचारतायत, आज काय आहे? मी काय सांगू?"

मी घाईघाईनं वही उघडली. "बेंझीन आहे म्हणावं. सहा कार्बनचं कडं."

पलीकडे कुजबुज झाली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग फोन कुणीतरी हिसकावून घेतला आणि कानठळ्या बसतील अशा आवाजात मुळीक सर म्हणाले,

"सहाच ना? सहाच्या सहा मीच करतो!"